सोल संगीताचे अल्बम ऐकण्याची एक वाट: आधी साथीदार, मग गायक

सोल हे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या चर्चमधल्या गॉस्पेल गायनातून आणि ऱ्हिदम अँड ब्लूजमधून १९५०च्या दशकात घडलेले संगीत आहे. रे चार्ल्सने १९५४ साली एका गॉस्पेल गीताच्या धर्तीवर ‘आय गॉट अ वूमन’ हे प्रेमगीत ध्वनिमुद्रित केले, तेव्हा देवासाठी राखलेला आर्त सूर माणसासाठी लावला म्हणून अनेक धर्मनिष्ठ मंडळी नाराज झाली होती. पण पुढच्या दहा वर्षांत तोच सूर डेट्रॉइट, मेम्फिस आणि शिकागो येथून निघून जगभरच्या रेडिओवर पोहोचला.

या संगीतात नव्याने शिरू पाहणाऱ्याच्या हाती बहुतेक याद्या गायकांची नावे देतात. ती नावे मोठी आहेतच, तरीही माझा सल्ला असा की आधी साथ ऐकावी. त्या काळात प्रत्येक कंपनीचा स्टुडिओ ठरलेला असे आणि त्या स्टुडिओत वाजवणारा वादकांचा संचही ठरलेला असे. गायक येत-जात राहत, पण बेस, ड्रम, गिटार आणि ऑर्गन वाजवणारे हात तेच राहत. पुढे ज्या ज्या कलावंतांना आपल्या गाण्याला सोलचा रंग हवा होता, ते बहुधा याच खोल्यांकडे किंवा याच वादकांकडे गेले. त्यामुळे कोणत्या खोलीतली साथ कशी वाजते हे एकदा कानात बसले, की नंतरच्या अल्बमांवरचा सोलचा प्रभाव कोणी दाखवून द्यावा लागत नाही.

सुरुवातीची तयारी

सोलचा निम्मा प्राण बेस गिटारमध्ये असतो आणि मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरमधून बेस जवळजवळ ऐकूच येत नाही. म्हणून साधे का होईना, पण दोन्ही कानांना लागणारे हेडफोन किंवा दोन स्पीकर वापरावेत. एकाच कानात इयरफोन घालून ऐकण्याची सवय इथे विशेष नडते, कारण १९६०च्या दशकातील स्टिरिओ ध्वनिमुद्रणांत पुष्कळदा काही वाद्ये पूर्णपणे एका बाजूला आणि उरलेली दुसऱ्या बाजूला सारलेली असतात. मोनो आवृत्ती (दोन्ही बाजूंना सारखाच आवाज असलेली) मिळत असेल तर त्या दशकापुरती तीच निवडावी.

स्ट्रीमिंगच्या ॲपवर ऐकणार असाल तर शफल (गाण्यांचा क्रम बदलणारी सोय) आणि क्रॉसफेड (एक गाणे संपता संपता दुसरे त्यात मिसळणारी सोय) दोन्ही आधी बंद करावे. ‘डिलक्स’ आवृत्तीत मूळ अल्बमनंतर पर्यायी टेक (त्याच गाण्याची दुसऱ्या वेळी केलेली ध्वनिमुद्रणे) आणि सुटी गाणी जोडलेली असतात. मूळ एलपी (अल्बमची तबकडी) कोणत्या गाण्यावर संपत होती ते पाहून पहिल्या काही वेळा तिथेच थांबावे. जुन्या गायकांची लोकप्रिय गाणी वीस-तीस वर्षांनी पुन्हा गाऊन घेतलेली असतात आणि तीही मूळ गाण्यांच्या शेजारीच सापडतात, म्हणून नावापुढे ‘री-रेकॉर्डेड’ असे काही लिहिलेले नाही ना, हे पाहावे. एलपी विकत घेण्याची घाई करू नये. कोणते अल्बम पुन्हा पुन्हा ऐकावेसे वाटतात हे कळल्यावरच तो खर्च शोभतो.

पायरी १: मेम्फिसमधले जुने चित्रपटगृह

पहिला अल्बम ओटिस रेडिंगचा ‘ओटिस ब्लू’ (१९६५) असावा. त्यात अकरा गाणी आहेत आणि तो अर्ध्या तासाच्या थोडा पुढे संपतो. मेम्फिसच्या मॅकलमोर ॲव्हेन्यूवरील एका बंद पडलेल्या चित्रपटगृहात जिम स्ट्यूअर्ट आणि एस्टेल ॲक्स्टन या भावाबहिणीने आपला स्टुडिओ थाटला होता, आणि त्यांच्या ‘स्टॅक्स’ या कंपनीची बहुतेक मुद्रणे तिथेच होत. प्रेक्षागृहाची उतरती जमीन त्यांनी तशीच राहू दिली होती. त्या खोलीचा संच म्हणजे ऑर्गनवर बुकर टी. जोन्स, गिटारवर स्टीव्ह क्रॉपर, बेसवर डोनाल्ड ‘डक’ डन आणि ड्रमवर अल जॅक्सन ज्युनिअर. वर्णभेद जागोजागी पाळल्या जाणाऱ्या त्या शहरात दोन कृष्णवर्णीय आणि दोन गोरे वादक रोज एकत्र बसून वाजवत होते.

हा अल्बम पहिल्यांदा नुसता ऐकावा. दुसऱ्यांदा मनात चार मात्रा मोजत ऐकावा. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर स्नेअर ड्रमचा ठोका पडतो, पण तो आपल्या मोजणीच्या अगदी नेमक्या जागी न पडता केसभर उशिरा पडल्यासारखा वाटतो. जॅक्सन आणि क्रॉपर यांनी १९६५च्या सुमारास हा रेंगाळता ठोका मुद्दाम अंगीकारला होता. आपण त्यावर टाळी द्यायला गेलो तर आपली टाळी आधी पडते, आणि ती थोडी मागे ओढली की गाणे एकदम अंगात भिनते. ही टाळी जमणे हीच खरी पहिली पायरी होय. बाकीची माहिती नंतरही मिळते.

तिसऱ्यांदा ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनकडे लक्ष द्यावे. स्टॅक्सच्या या काळातील मुद्रणांत मागे गाणारा कोरस क्वचितच असतो. गायकाला उत्तर देण्याचे काम ही फुंकवाद्ये करतात. रेडिंग त्या वादकांना त्यांच्या ओळी स्वतः गुणगुणून सांगत असे, आणि म्हणूनच त्या ओळी लिहून काढल्यासारख्या न वाटता माणसाच्या बोलण्यासारख्या छोट्या, ठाम आणि मधेच तुटणाऱ्या आहेत. अल्बमचे बहुतेक ध्वनिमुद्रण जुलै १९६५ मध्ये जेमतेम एका दिवस-रात्रीत उरकले, आणि मध्यंतरी वादक आपापल्या क्लबांतले ठरलेले कार्यक्रम वाजवून परत आले. आदल्या डिसेंबरात मारल्या गेलेल्या सॅम कुकची तीन गाणी त्यात आहेत, आणि ती गाताना रेडिंग कुकची सफाई जराही उचलत नाही, हे मला या अल्बमचे मोठेपण वाटते.

पायरी २: एकच गाणे, दोन घरे

‘ओटिस ब्लू’मध्ये रेडिंगने स्वतः रचलेले ‘रिस्पेक्ट’ हे गाणे आहे. ते दोन-तीनदा ऐकून झाल्यावर लगेच अरीथा फ्रँकलिनचा ‘आय नेव्हर लव्हड अ मॅन द वे आय लव्ह यू’ (१९६७) लावावा. त्याची सुरुवातच त्या गाण्याने होते. रेडिंगच्या गाण्यात घरी परतणारा पुरुष मान मागतो, तर अरीथाच्या गाण्यात तीच मागणी बाई करते, आणि तेवढ्याने गाण्याचा अर्थ उलटा होतो. मात्र आपण साथ ऐकत आहोत, तेव्हा बदल कुठे कुठे केला आहे ते तपासावे. फुंकवाद्यांकडची उत्तरे इथे मुख्यतः अरीथाच्या बहिणी कॅरोलिन आणि अर्मा यांच्या कोरसकडे आली आहेत; मधे किंग कर्टिसचा सॅक्सोफोन वेगळ्याच स्वरांवर जाऊन येतो; आणि शीर्षकाचा शब्द एकेक अक्षर सुटे करून गाण्याची जागा मूळ गाण्यात नव्हतीच.

या अल्बमवरचे बाकीचे बहुतेक साथीदार अलाबामा राज्यातील मसल शोल्स या लहानशा गावचे. निर्माता जेरी वेक्सलर जानेवारी १९६७ मध्ये अरीथाला तिथल्या फेम स्टुडिओत घेऊन गेला. शीर्षकगीत पूर्ण झाले, दुसरे अर्धवट राहिले आणि तिचा त्या वेळचा नवरा व एक वादक यांच्यात जुंपल्यामुळे काम तिथेच मोडले. वेक्सलरने मग त्या वादकांनाच न्यू यॉर्कला बोलावून घेतले. गायिका बदलली नाही, निर्माता बदलला नाही, शहर बदलले. तरी वादक तेच हवेत, असा त्याचा आग्रह होता. शीर्षकगीताच्या सुरुवातीला स्पूनर ओल्डहॅमचा इलेक्ट्रिक पियानो जो अडखळत वर चढतो, तो ऐकल्यावर हा आग्रह पटतो.

पायरी ३: चर्चमध्ये दोन रात्री

उगमापासून सुरुवात करावी असे सांगणारे अनेकजण नवख्या श्रोत्याला थेट गॉस्पेलकडे पाठवतात. मला ते पटत नाही, कारण दोन अल्बम ऐकून कान तयार झाल्यावर त्या उगमाचा जो परिणाम होतो तो आधी होत नाही. आता मात्र अरीथाचाच ‘अमेझिंग ग्रेस’ (१९७२) घ्यावा. लॉस एंजेलिसमधील न्यू टेम्पल मिशनरी बॅप्टिस्ट चर्चमध्ये १३ आणि १४ जानेवारी १९७२ या दोन रात्री रेव्हरंड जेम्स क्लीव्हलँड आणि सदर्न कॅलिफोर्निया कम्युनिटी क्वायर यांच्यासह हे गायन झाले. अरीथाचे वडील सी. एल. फ्रँकलिन हे डेट्रॉइटमधले गाजलेले धर्मोपदेशक होते, तेव्हा चर्चमध्ये गाणे ही तिच्या दृष्टीने घरवापसीच होती.

कीर्तन ऐकलेल्या मराठी श्रोत्याला इथली घडण परकी वाटणार नाही: बुवांनी एक ओळ घोळवत न्यावी आणि टाळकऱ्यांनी ती उचलून धरावी, तसेच इथे गायिका आणि समूह यांच्यात चालते. शीर्षकगीतात ती एकेका शब्दावर इतकी रेंगाळते की ओळ संपायला मिनिटे जातात, आणि समोर बसलेली माणसे दाद देत, ओरडत, रडत तिला पुढे ढकलत राहतात. हा अल्बम काम करता करता मागे लावून ठेवण्याचा नाही. बेसवर चक रेनी आणि ड्रमवर बर्नार्ड पर्डी आहेत. ही दोन नावे लक्षात ठेवावीत, कारण ती शेवटच्या पायरीत पुन्हा येणार आहेत.

पायरी ४: डेट्रॉइट

बेरी गॉर्डीने १९५९ साली कुटुंबाकडून ८०० डॉलर उसने घेऊन सुरू केलेली मोटाउन ही कंपनी सर्वांत प्रसिद्ध आहे, पण १९६०च्या दशकातील मोटाउनसाठी मी अल्बमची शिफारस करणार नाही. कंपनीचे सगळे लक्ष सुट्या गाण्यांवर होते आणि अल्बम बहुधा दोन-तीन गाजलेल्या गाण्यांभोवती भरताड घालून काढले जात. सुप्रीम्स, टेम्प्टेशन्स आणि फोर टॉप्स या गायनगटांचे एखादे चांगले संकलन ऐकावे, आणि त्यात जेम्स जेमरसनचा बेस शोधावा.

जेमरसनची खरी भेट मार्व्हिन गेच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ (१९७१) या अल्बममध्ये होते, आणि इथे घाई करू नये. नऊ गाणी एकमेकांत मिसळत जवळपास ३५ मिनिटे चालतात. ॲपवर दोन गाण्यांमध्ये खंड पडत असेल तर निम्मी मजा जाते. फोर टॉप्सपैकी ओबी बेन्सनने कॅलिफोर्नियातील बर्कली येथे तरुणांवर पोलिसांचा मारा होताना पाहिला, त्यातून शीर्षकगीताची सुरुवात झाली. गेचा भाऊ व्हिएतनामच्या युद्धात जाऊन आला होता, आणि त्याच्याकडून ऐकलेल्या हकिगती अल्बमभर पसरल्या. गॉर्डीला हे गाणे खपणारे वाटत नव्हते. ते जानेवारी १९७१ मध्ये बाहेर पडले आणि इतके चालले, की गेकडून लगोलग पूर्ण अल्बम मागण्यात आला.

ऐकताना एका वेळी एकच गोष्ट धरावी. पहिल्या फेरीत गेचा आवाज ऐकावा: तो एकटाच गात असला तरी एकाच वेळी त्याचे दोन आवाज ऐकू येतात, कारण त्याने गायलेले दोन वेगवेगळे टेक ध्वनिमुद्रकाने योगायोगाने एकत्र वाजवले आणि मार्व्हिनला ते इतके आवडले की त्याने ती पद्धतच केली. दुसऱ्या फेरीत आवाज विसरून फक्त बेस ऐकावा. जेमरसन ठेका धरून बसत नाही; तो गायकाच्या ओळीखालून स्वतःची दुसरी चाल गात जातो, आणि तरीही गाणे जागचे हलत नाही. मोटाउनच्या या वादकांची नावे तोवर वेष्टनावर छापली जात नसत; या अल्बमवर ती छापली गेली.

स्टीव्ही वंडरचा ‘इनरव्हिजन्स’ (१९७३) हा याच कंपनीचा, पण माझ्या मांडणीला अपवाद ठरणारा अल्बम आहे. त्यातली ड्रम, सिंथेसायझरवरचा बेस आणि पियानो ही वाद्ये बहुतांशी वंडरने स्वतःच वाजवली आहेत. साथीदारांचा शोध घेणाऱ्याने तो तरीही ऐकावा. एकच माणूस स्वतःची साथ करतो तेव्हा ठेका कसा वेगळा झुकतो, हे त्यात कळते.

पायरी ५: संथ गाणी

पुन्हा मेम्फिसला यावे. रॉयल हा स्टुडिओदेखील जुन्या चित्रपटगृहातच होता, पण तिथे निर्माता विली मिचेलने वाद्यांचा आवाज दबका आणि कोरडा ठेवला. अल ग्रीनचा ‘कॉल मी’ (१९७३) त्याचा उत्तम नमुना आहे. टीनी, चार्ल्स आणि लेरॉय हे तीन हॉजेस बंधू अनुक्रमे गिटार, ऑर्गन आणि बेस वाजवतात, आणि ग्रीन इतका हळू गातो की ऐकणारा आपोआप पुढे सरकून बसतो. त्यात हँक विल्यम्स आणि विली नेल्सन यांच्या कंट्री गाण्यांना त्याने अशा रीतीने आपलेसे केले आहे, की ती मूळची कुणाची हे विसरायला होते.

आयझॅक हेज हा स्टॅक्समध्ये पियानो वाजवणारा आणि इतरांसाठी गाणी रचणारा. त्याच्या ‘हॉट बटर्ड सोल’ (१९६९) मध्ये चारच गाणी आहेत आणि शेवटचे १८ मिनिटांहून लांब आहे, ज्यात बराच वेळ तो गात नाही, ऑर्गनच्या एका स्वरावर नुसता गोष्ट सांगतो. कंटाळा येण्याची शक्यता आहे. आला तर तो सहन करावा, कारण हे संथपण पुढे फार दूर गेले आहे.

पायरी ६: बाहेरून आलेले

आता प्रभावाखालचे अल्बम घेता येतील, आणि प्रत्येकासाठी एकच प्रश्न विचारावा: यांनी गाणाऱ्याचा ढंग घेतला की साथ घेतली?

इंग्लंडची डस्टी स्प्रिंगफील्ड १९६८ साली मेम्फिसच्या अमेरिकन साउंड स्टुडिओत गेली. निर्माता पुन्हा वेक्सलर, साथ तिथल्या मुरलेल्या वादकांची. आधीच्या थोरांच्या सावलीचे दडपण तिच्यावर इतके आले की अंतिम गायन तिने न्यू यॉर्कला केले. ‘डस्टी इन मेम्फिस’ (१९६९) सुरुवातीला फारसा खपला नाही. तिने कुणाही कृष्णवर्णीय गायिकेची नक्कल केली नाही, आवाज उलट आणखी खाली आणला आणि मेम्फिसच्या साथीला जागा दिली. माझ्या मते प्रभाव पचवण्याचा हा सर्वांत सभ्य नमुना आहे.

डेव्हिड बोवीने १९७४ मध्ये फिलाडेल्फियाचा सिग्मा साउंड हा स्टुडिओ गाठला, पण तिथला प्रसिद्ध वादकसंच त्याला जवळजवळ मिळालाच नाही. ‘यंग अमेरिकन्स’ (१९७५) मध्ये म्हणून खोली फिलाडेल्फियाची असली तरी हात दुसऱ्यांचे आहेत. बोवीने स्वतःच त्याला ‘प्लास्टिक सोल’ म्हटले होते. अल्बम ऐकण्याजोगा आहे. कोरसमध्ये तेव्हा अनोळखी असलेल्या ल्यूथर व्हँड्रॉसचा आवाज आहे.

इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या पोर्टिसहेड या गटाने ‘डमी’ (१९९४) मधील ‘ग्लोरी बॉक्स’साठी आयझॅक हेजच्या १९७१च्या मुद्रणाचा तुकडाच उचलून घेतला. इथे वादकांकडे जाण्याऐवजी त्यांचे मुद्रण आणले गेले. ‘हॉट बटर्ड सोल’च्या वेळी सोसलेला कंटाळा इथे वसूल होतो.

डिअँजेलोचा ‘वूडू’ (२०००) पहिल्यांदा विस्कळीत वाटतो. ड्रमवरचा क्वेस्टलव्ह आणि बेसवरचा पिनो पॅलाडिनो ठोका इतका मागे खेचतात, की मेम्फिसचा केसभर उशीर इथे उघड डगमगण्यापर्यंत येतो. टाळीचा सराव झाला नसेल तर हा अल्बम काही महिने बाजूला ठेवावा.

एमी वाइनहाउसचा ‘बॅक टू ब्लॅक’ (२००६) बहुतेकांनी ऐकलेला असतो, म्हणून तो इतका उशिरा ठेवला आहे. त्यातली गाणी मार्क रॉन्सन आणि सलाम रेमी या दोन निर्मात्यांत विभागलेली आहेत, आणि रॉन्सनने आपल्या अनेक गाण्यांसाठी ब्रुकलिनच्या डॅपटोन कंपनीचा डॅप-किंग्ज हा वादकसंच घेतला. रेमीकडच्या ‘टिअर्स ड्राय ऑन देअर ओन’मध्ये मोटाउनच्या एका १९६७च्या प्रसिद्ध द्वंद्वगीताचा पाया सरळ ओळखू येतो; ते गाणे शोधणे वाचकावर सोपवतो. लगेच त्याच डॅप-किंग्जबरोबर शॅरन जोन्सने गायलेला ‘हंड्रेड डेज, हंड्रेड नाइट्स’ (२००७) ऐकावा. एकेकाळी तुरुंगात पहारेकरी म्हणून नोकरी केलेली ही गायिका चाळिशीनंतर प्रकाशात आली, आणि त्या साथीवरचा तिचा हक्क पहिल्याच गाण्यात कळतो.

पायरी ७: नावांचा माग

इथून पुढचे अल्बम कोणाला विचारून ठरवू नयेत. वेष्टनावरची किंवा ॲपमधल्या ‘क्रेडिट्स’खालची नावे वाचावीत. उदाहरणार्थ, ‘ओटिस ब्लू’वरचा अल जॅक्सन ‘कॉल मी’वरही आहे. तोच जॅक्सन आणि डक डन बिल विदर्सच्या ‘जस्ट ॲज आय ॲम’ (१९७१) वर सापडतात, कारण त्याचा निर्माता बुकर टी. जोन्स होता. विदर्स तेव्हा विमानातल्या शौचकूपांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात कामाला होता आणि अल्बमच्या मुखपृष्ठावरही तो हातात जेवणाचा डबा घेऊन उभा आहे. या अल्बममधले सोल जवळजवळ लोकगीतासारखे उघडेवाघडे आहे, तरी ड्रम ऐकताच मेम्फिस ओळखू येते.

दुसरे नाव चक रेनी आणि तिसरे बर्नार्ड पर्डी. चर्चमधल्या त्या दोन रात्रींनंतर पाच वर्षांनी हे दोघे स्टीली डॅन या गटाच्या ‘एजा’ (१९७७) या अल्बमवर भेटतात. गुळगुळीत, हिशेबी आणि थोडे तिरकस असे ते संगीत पहिल्या श्रवणी सोलपासून दूरचे वाटते. ‘होम ॲट लास्ट’ हे गाणे काढावे, आवाज थोडा वाढवावा, आणि गायकाकडे पूर्ण दुर्लक्ष करून पर्डीचा डावा हात स्नेअरवर मुख्य ठोक्यांच्या मधे जे बारीक, जवळजवळ न ऐकू येणारे ठोके पेरतो, ते मोजण्याचा प्रयत्न करावा.